पडदा आणि हलगी

मार्च २०२५. वस्तीतली सात-आठ पोरं संध्याकाळी घरी आली. चपला दारात काढून भिंतीला टेकून बसली. चौदा एप्रिल तोंडावर आलेला.

"काका, यंदा डॉल्बी लावायची न्हाई असं ठरलंय," एक जण म्हणाला.

मला बरं वाटलं. दरवर्षी मिरवणुकीच्या दिवशी आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं कानात कापसाचे बोळे घालून आतल्या खोलीत बसतात. पत्रे थरथरतात. बाबासाहेबांच्या जयंतीला बाबासाहेबांचं एक वाक्य कुणाच्या कानावर पडत नाही. हे बोललं की आपलीच माणसं अंगावर येतात. म्हणून मी बोलायचं सोडून दिलं होतं.

पोरांचा बेत चांगला होता. तीन दिवस दिवसा समाजमंदिराच्या भिंतीला चित्रं, फोटो, जुनी पत्रकं लावायची. रात्री मैदानात उघड्यावर गाणी. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, सतरंजीवर बसायचं. "तुमाला जुनं म्हाईत हाय, सांगा कसं करायचं," म्हणाली. सुचलं ते सांगत गेलो. मग म्हणालो, "सुरुवात हलगीनं करा. आन हलगी स्टेजवर घ्या."

पोरं गप्प झाली. त्यांच्यातला एक चांगला बोलणारा आहे, एम.ए. करतोय, वाचतोय. तो म्हणाला, "काका, हलगी कशाला? ती गावकीनं आपल्या गळ्यात बांधलेली. बाबासाहेबांनी असली कामं सोडा म्हणून सांगितलं. आपण पुन्हा तेच वाजवत बसायचं? आन आपल्यात वाजवतंय तरी कोण? ते लोक वाजवतात."

ते लोक. त्याच्या पहिल्या मुद्द्यावर तासभर वाद घालता आला असता. तो मुद्दा खोटा नाही. पण या दोन शब्दांवर मी अडकलो. पोरं चहा पिऊन गेली. मला रात्री झोप लागली नाही. दोस्तांनो, जे पोरांना त्या दिवशी सांगता आलं नाही ते इथं लिहितोय.

माझा बाप पेंटर होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. पेंटर म्हणजे कोल्हापुरात दोन प्रकारचे. एक ज्यांच्या नावापुढं लोक 'कलामहर्षी' लावतात ते. दुसरे दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, भिंतीवरच्या निवडणुकीच्या जाहिराती रंगवणारे. आबा दुसऱ्यातला. शाळा चौथीपर्यंत. एका पाट्या रंगवणाऱ्याकडं ब्रश धुवायला लागला, धुता धुता धरायला शिकला. 'येथे उत्तम चहा मिळेल' हे त्यानं शंभर ठिकाणी तरी लिहिलं असेल. त्यातल्या किती ठिकाणी त्याला कपात चहा मिळाला ते त्यानं कधी सांगितलं नाही.

जयंती आली की आबा वस्तीचा पडदा रंगवायचा. गाण्याच्या स्टेजमागं लावायचा मोठा पडदा. मांजरपाट आणायचा, आई त्याच्या पट्ट्या जोडून शिवायची. बारा फूट बाय सोळा. तैलरंग परवडणारे नव्हते. मग पुडीचे रंग. पिवडी, गेरू, निळ, काजळी, खडूची पांढरी पूड. ते सरसात कालवायचे. सरस चुलीवर वितळायला ठेवला की गल्लीभर घाण सुटायची. सरस म्हणजे कातड्या-हाडांचा उकळून आटवलेला चिकट रस. नाक दाबून आम्ही पोरं भोवती बसायचो, कारण पुढची गंमत बघायची असायची.

आबा दोरी निळीत बुडवून दोन पोरांच्या हातात टोकं द्यायचा, ताणायला सांगायचा आणि मधेच उचलून सोडायचा. फट्. कापडावर सरळ रेघ. अशा उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी. हातातल्या छोट्या फोटोवर पेन्सिलीनं तेवढ्याच चौकटी. मग एकेक चौकट फोटोतली कापडावर न्यायची. जवळनं बघितलं तर काही कळायचं नाही, नुसते निळे काळे पट्टे. आम्ही पळत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचो आणि वळून बघायचो. बाबासाहेब!

चष्मा तो शेवटी काढायचा. चष्म्याच्या आधी एक विडी. "चष्मा चुकला की साहेब दुसराच मानूस दिसतोय," म्हणायचा.

दुकानाच्या पाटीखाली तो कोपऱ्यात आपलं नाव घालायचा. ती जाहिरात असायची, पुढचं काम त्यावर मिळायचं. पडद्यावर मात्र कधीच नाव नाही. मी एकदा विचारलं. तर म्हणाला, "साहेबाच्या चित्राखाली माजं नाव? मी कोन लागून गेलोय?" त्यात भक्ती होती, मान्य. पण आता वाटतं, त्यात सवयही होती. पिढ्यान्पिढ्या बिननावाचं राहायची सवय.

आबानं एकदा नाव घालून दोन चित्रं काढली. उन्हाळ्यातच. एक पंचगंगेच्या घाटाचं, एक रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशींचं. पुठ्ठ्यावर. शहरात एका ठिकाणी निसर्गचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, कुणीही चित्रं द्यावीत अशी पाटी लागलेली. आबानं बहुतेक ती पाटीच रंगवली असणार. मला सायकलवर पुढं बसवून घेऊन गेला. टेबलामागच्या माणसानं चित्रं बघितली, नाव लिहून घेतलं, मग पत्ता विचारला. पत्ता लिहिताना त्याचा हात थांबला. चित्रं परत दिली. "बोर्ड रंगवणं वेगळं, चित्रकला वेगळी," म्हणाला.

त्यानं जात विचारली नाही. पत्ता विचारला. कोल्हापुरात पत्ता पुरतो.

चित्रं खरोखर कशी होती, मला सांगता येणार नाही. मी लहान होतो आणि ती आज शिल्लक नाहीत. कदाचित चांगली नसतीलही. पण ती वाईट म्हणून परत आली नाहीत, एवढं मला कळलं. येताना आबानं सायकल हातात धरून चालत आणली.

आमची वस्ती टाऊन हॉलपासून चालत पाच मिनिटांवर. त्या दगडी इमारतीत म्युझियम आहे. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर खणताना सापडलेल्या वस्तू तिथं आहेत. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, त्याची ब्राँझची छोटी मूर्ती. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्या कुठून इथवर आलेली. तिथंच कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची चित्रं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर. शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार आबालाल, दिवस दिवस पाण्याकाठी बसून चित्रं काढायचे. महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली असं सांगतात. बाबूराव तर मिस्त्र्याचे पोर. सुतारकाम करणाऱ्या घरातले. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्यातनं पुढं बाबूरावांनी कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२५ साली 'सावकारी पाश' केला. शेतकऱ्याची जमीन सावकार कशी खातो ते पडद्यावर आणलं. बाबूराव पेंटरांनीही पडदेच रंगवले होते हे मला कळलं तेव्हा आबा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याला सांगायला हवं होतं.

याच टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार'ची मंडळी 'मैफल रंगसुरांची' भरवतात. झाडाखाली कुणी चित्र काढतंय, कुणी मातीत डोकं घडवतंय, एका अंगाला गाणं चाललंय. थंडीतली सकाळ असते. मी जातो. चांगलं असतं, खोटं कशाला बोलू. उघड्यावर कला आणली की बघणारा बदलतो. भाजी घेऊन चाललेली बाई पिशवी खाली ठेवून दहा मिनिटं उभी राहते. दालनाची पायरी ती चढली नसती. दालनाच्या पायरीवर कुणी उभं नसतं, पण तिला उभं असलेलं दिसतं.

उघड्यावरच्या कलेची गोष्ट निघाली तर आपला बिंदू चौक विसरून कसं चालेल. ९ डिसेंबर १९५० ला तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. हे बागल पुढारी म्हणून सगळ्यांना माहीत, पण ते मुळात चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. चित्रकार माणसानं पुतळा दालनात नाही ठेवला, रहदारीच्या चौकात ठेवला. उन्हात, पावसात. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल असा. आमच्या वस्तीची मिरवणूक तिथंच जायची.

आता १९७४ ची जयंती सांगतो. मी चौथीत होतो.

मिरवणुकीला हलगी असायची. मांगवाड्यातनं एक मामा यायचा, बरोबर त्याचे दोन पोरगे. हलगी, घुमकं आणि कैताळ. निघायच्या आधी मामा कागद-पाचोळा पेटवून हलगी शेकायचा. चामडं तापलं की आवाज चढतो. बोटानं टिचकी मारून बघायचा, पुन्हा शेकायचा. मग खांद्याला अडकवून पहिला ठेका टाकला की आमच्या पायातली माती हलायची. खासबागच्या मैदानात कुस्ती बघायला गेलेल्यांना हे सांगायला नको. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान. पैलवान लढतात, पण हजारो माणसांच्या अंगात चढते ती हलगी. जिंकणाऱ्याचं नाव पुकारतात, गावाचं पुकारतात, तालमीचं, वस्तादाचं पुकारतात. हलगीवाल्याचं नाव पुकारलेलं मी आजवर ऐकलं नाही.

बिंदू चौकात हार घालून मिरवणूक परत आली. रात्री आठला स्टेजवर पार्टी बसली. मागं आबाचा पडदा. ट्यूबलाइटच्या उजेडात बाबासाहेबांचा निळा कोट असा दिसत होता की हात लावला तर लोकर लागावी. बायका पुढं पोत्यावर. पोरं भिंतीवर. पेटी, ढोलकी, बुलबुल. वामनदादा कर्डकांची गाणी तेव्हा गावोगावच्या पार्ट्यांच्या तोंडी होती. वामनदादा १९२२ साली सिन्नरकडच्या खेड्यात जन्मले, २००४ साली गेले. सगळं आयुष्य असंच वस्त्यांतनं, उघड्यावर, कंदिलापुढं गात काढलं. त्यांना दालन लागलं नाही. तिकीट लागलं नाही.

मी पोत्यावरून उठून मुतायला गेलो तेव्हा मामा दिसला. उजेड संपतो तिथं गटारीच्या कट्ट्यावर दोन्ही पोरांना घेऊन बसला होता. मांडीवर हलगी. पुढ्यात जेवण. आमच्या घरचं जेवण, मटणाचा रस्सा नि भाकरी. आईनं वाढलेलं. भाकरी वरून टाकली नव्हती, हातात दिली होती. पण ताट जर्मनचं होतं. ते ताट वर्षातनं एकदा माळ्यावरनं खाली यायचं. धुवून पुन्हा वर जायचं.

मी आबाला विचारलं, "आबा, मामा स्टेजवर का न्हाई?"

"ढोलकी बसून वाजवायची असतीया, हलगी उभ्यानं," आबा म्हणाला.

मला ते पटलं. पुढं कितीतरी वर्षं मला ती वाद्याची रीतच वाटत होती.

दहाच्या सुमाराला पश्चिमेकडनं वारा सुटला. वळीव. कोल्हापूरचा वळीव सांगून येत नाही. आधी धूळ, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब आणि मग एकदम सगळं. कनाती उडाल्या. लाइट गेली. बायका पोरांना कवळून पळाल्या. पडद्याचा एक बांबू मोडला आणि पडदा शिडासारखा फुगला. आबा धावला. दुसऱ्या टोकाला कोण धरतंय ते विजेच्या उजेडात दिसलं. मामा. हलगी त्यानं कट्ट्यावर तशीच टाकली होती.

हलगीवाला माणूस पावसात पहिल्यांदा हलगी शर्टाच्या आत घालतो. भिजलं की चामडं गेलं. पोटाची भाकरी असते ती. त्यानं ती टाकली आणि पडदा धरला.

दोघांनी पडदा गुंडाळून समाजमंदिरात आणला. पण सरसाचा रंग पाण्यापुढं टिकत नाही. आबाच्या हातावरनं कोपरापर्यंत निळा रंग ओघळत होता. मामाच्याही. आबा नुसता बघत बसला. मामा म्हणाला, "चामडं काय, दुसरं मढवू. सायेब भिजला."

त्या रात्री मामा आमच्या घरात आला. पहिल्यांदा. चुलीपुढं बसून अंग शेकलं. आईनं चहा केला. कुठल्या कपात दिला ते मला आठवत नाही. आठवावं असं फार वाटतं. खूप ताणून बघितलं, पण तेवढंच आठवत नाही.

पुढच्या वर्षी मामा पुन्हा कट्ट्यावरच बसला होता.

म्हणून तो पोरगा 'ते लोक' म्हणाला तेव्हा मला त्याचा राग नाही आला. ते त्यानं आमच्याकडनंच उचललंय.

त्याचा पहिला मुद्दा आता घेतो. गावकीची कामं सोडा असं बाबासाहेबांनी सांगितलं, बरोबर आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द केली तीही त्याचसाठी. राबवून घेणं मोडायचं होतं. सक्तीनं, फुकट, दारात उभं राहून वाजवणं ही गुलामीच. पण वाजवणं म्हणजे गुलामी नव्हे. आपल्या आधीच्या लोकांनी तमाशाचं काय केलं ते बघा. सत्यशोधकांनी त्याचा जलसा केला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गणातला देव काढला, गवळणीतला चावटपणा काढला, साचा तोच ठेवला आणि आत माणूसपण भरलं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच तमाशाचं लोकनाट्य करून गिरणी कामगारांपुढं नेलं. मातंग समाजातला हा माणूस. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. त्यांचे फोटो आपण बॅनरवर लावतो, बाबासाहेबांच्या शेजारी. फोटो शेजारी चालतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. ६ मे ला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. मीही रस्त्यात उभा राहिलो. रिक्षा थांबल्या, दुकानदार गल्ल्यावरनं उठले. अंगावर काटा आला. त्या एप्रिल-मे मध्ये शाहू मिलच्या आवारात प्रदर्शनं होती, कार्यक्रम होते. १९०६ साली महाराजांनी उभी केलेली मिल, २००३ पासून बंद. ज्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं ती जागा. महाराजांचे जुने फोटो मांडले होते. संध्याकाळी ऊन उतरलं की माणसं बायकापोरं घेऊन यायची. मी दोनदा गेलो. एका फोटोपुढं बराच वेळ उभा राहिलो. मधे महाराज, भोवती माणसं. मागच्या रांगेत कडेला दोघे-तिघे उघड्या पायांनी. कोण असतील? मला सारखं मागच्या रांगेकडं बघायची खोड आहे.

कोल्हापुरी चपलाही मांडल्या होत्या. मागं आता मोठी बातमी झाली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाल्यावर कबूल केलं. २०१९ सालीच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सगळे चिडले, चिडायलाच हवं. पण 'आमच्या कोल्हापूरची चप्पल' म्हणून चिडणाऱ्यांपैकी कितीजण चामडं कमावणाऱ्याच्या घरात पाणी पितात? चपलेलाही गावाचं नाव असतं, कापशी म्हणतात. करणाऱ्याचं नाव तिच्यावर नसतं. माझ्या बापाच्या पडद्यासारखंच.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत शिकागो म्हणून शहर. तिथं ग्रँट पार्क नावाच्या बागेत उन्हाळाभर संध्याकाळी फुकट गाणं-बजावणं असतं. १९३५ पासून. मंदीच्या दिवसांत वादक बेकार झाले, त्यांच्या युनियनच्या पुढाऱ्यानं त्यांना काम मिळावं आणि लोकांना फुकट संगीत मिळावं म्हणून सुरू केलं. चांगलं काम. पण त्या शहरात तेव्हा गोऱ्या वादकांची युनियन वेगळी आणि काळ्यांची वेगळी. १९६६ साली त्या एक झाल्या. फुकट, उघड्यावर, आभाळाखाली, तरी स्टेजवर कोण नि कट्ट्यावर कोण हे ठरलेलंच. मग १९६७ साली तिथल्या काळ्या चित्रकारांनी आपल्या वस्तीतली एक पडकी भिंत घेतली आणि तिच्यावर आपली माणसं रंगवली. माल्कम एक्स, मुहंमद अली, गाणारे, लिहिणारे. नाव दिलं सन्मानाची भिंत. लोक तिच्यापुढं जमायचे, कविता म्हणायचे, वाजवायचे. चार-पाच वर्षांत आग लागून ती इमारत पाडली गेली. आज फक्त फोटो आहेत. आपल्याकडं १९७२ साली दलित पँथर निघाली ती त्यांच्या ब्लॅक पँथरकडं बघून. त्यांची भिंत आणि आबाचा पडदा यांची मात्र कधी गाठ पडली नाही.

उघड्यावरची कला टिकत नाही, हे खरं. पण बंदिस्त तरी काय टिकतं. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. महाराजांनी १९१५ साली सुरू केलेलं पॅलेस थिएटर ते हेच, पाठीला खासबागचं मैदान. मैदानाकडचा रंगमंचही गेला. बातमी कळल्यावर माणसं रडत आली. मीही गेलो, रडू आलं. आबानं तिथल्या नाटकांच्या जाहिराती रंगवल्या होत्या.

पोरांना दुसऱ्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं नाही. फक्त १९७४ ची रात्र सांगितली. ताटासकट. एम.ए. वाला पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मामाच्या घरातलं कोण हाय काय आता?"

नातू आहे. लग्नात, कुस्तीला वाजवतो. दिवसा टेंपो चालवतो. पोरं त्याला घेऊन आली. तो उभाच राहिला, बसा म्हटल्यावर बसला. पोरांनी सांगितलं, हलगी स्टेजवर, पहिला नंबर तुमचा.

तो म्हणाला, "बॅनरवर नाव टाकणार?"

"टाकू की."

"आन सुपारी?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना वाटलं होतं, मान दिला की झालं. तो म्हणाला, "पेटीवाल्याला देता न्हवं? मग आमाला पण द्यायची. फुकटचा मान आमच्या आज्ज्यानं लई खाल्लाय."

सुपारी ठरली. ढोलकीवाल्याएवढीच.

"जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं," एक पोरगा घाईघाईनं म्हणाला.

तो हसला. "हे सांगायला लागतंय म्हंजे बघा."

प्रदर्शनात काय लावायचं म्हणून पोरं घराघरांतनं गोळा करत होती. मी आईची वाकळ दिली. आई गेल्यावर ती माझ्याकडं आहे. त्या भिजलेल्या पडद्याचं आईनं काय केलं ते मला माहीत होतं. मांजरपाट टाकून देण्याएवढी ऐपत नव्हती. वाकळीत घातला. एका कोपऱ्याला वरचं लुगडं विरलंय, तिथनं आतलं दिसतं. फिकट निळा, त्यावर एक काळी रेघ. कोटाच्या खिशातलं पेन आहे ते. मला माहीत आहे म्हणून दिसतं, दुसऱ्याला नुसता डाग वाटेल. पोरांनी ती समाजमंदिराच्या दारात दोरीवर लावली. खाली कागद चिकटवला: पडदा, १९७४. पेंटर, आणि आबाचं नाव. पूर्ण नाव. माझ्या हातनं ते लिहवेना, एम.ए. वाल्यानं लिहिलं.

दुसरी वस्तू मी पिशवीत घालून नेली होती. जर्मनचं ताट. लावायचं की नाही, ठरत नव्हतं. तिन्ही दिवस पिशवी हातातच राहिली.

पहिल्या रात्री नातवानं स्टेजवर उभं राहून हलगी सुरू केली तेव्हा पुढच्या रांगेतले दोन म्हातारे उठून गेले. लघवीला गेले असं मी स्वतःला सांगितलं. ते परत आले नाहीत. बाकीचं मैदान बसून होतं. नंतर उभं राहिलं. बायका पहिल्यांदा उठल्या.

तिसऱ्या रात्री वळीव आलाच. पण यावेळी पोरगा हुशार. पहिला थेंब पडायच्या आत हलगी शर्टात. सगळे पळत समाजमंदिरात. लाइट गेलेली, मोबाइलच्या बॅटऱ्या लावून तिथंच जेवणं सुरू झाली, जागा मिळेल तसं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. पत्रावळी वाढत येत होत्या. मी पिशवीतनं ताट काढून त्याच्यापुढं धरलं, हे काय आहे ते सांगितलं. कुणासाठी होतं ते सांगितलं.

त्यानं ते हातात घेतलं. उलटंसुलटं केलं. काठाला चेपलेलं होतं तिथनं अंगठा फिरवला.

"आमच्या घरात पण असलं एक हाय," म्हणाला.

कुणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यानं ताट आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं. वाढणारी पोरगी आली, तिनं बघितलं नाही आणि त्यात कांदा-लिंबू टाकून पुढं गेली.

बाहेर पाऊस थांबला होता. पोरं हलगी शेकायला कोरडे कागद शोधत होती.